सिझरचं बाळ नाजूक असतं का?

वळवाचे ढग गडगडू लागले की कोकणातल्या जुन्या घरांतून एक हाक हमखास यायची, "पायाळू हायस ना तू? मग खळ्यात काय करतोस? आत ये!" पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेला. त्याच्यावर वीज पडते, त्याला जमिनीत पुरलेलं धन दिसतं, त्याने पाय लावला की कंबरेत भरलेली उसण उतरते, अशा कितीतरी समजुती. जन्माच्या त्या काही मिनिटांवरून माणसाला जन्मभराचं नाव मिळायचं आणि जन्मभराची ताकीदही.

आता मंडणगडच्या वाड्यांमध्ये पायाळू हा शब्द फारसा कानावर येत नाही. त्याची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली आहे. बारशाला आलेली मावशी पाळण्यात डोकावते आणि विचारते, "नॉर्मल की सिझर?" उत्तर 'सिझर' आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "मग जपा हो, सिझरची पोरं नाजूक." पुढे त्या बाळाला सर्दी झाली, धाप लागली, वजन कमी भरलं किंवा जास्त भरलं, तरी बोट सिझरकडेच जातं. शेजारच्या घरातलं नॉर्मल जन्मलेलं पोरही तितकंच शिंकत असतं, पण त्याच्या जन्माची चौकशी कोणी करत नाही.

मावशीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या शंभर बाळंतपणांपैकी साधारण २० सिझरने झाली होती. २०१९-२१ मध्ये ती २५ वर गेली. देशभरातल्या खाजगी रुग्णालयांत तर हा आकडा तेव्हा ४७ च्या पुढे होता, सरकारी रुग्णालयांत १४ च्या आसपास. राज्यापुरतं बोलायचं तर दर चौथं मूल सिझरचं. ती सगळी नाजूक असतील तर काळजीचीच गोष्ट आहे. नसतील, तर एवढ्या आयांच्या मनावरचं ओझं उतरवायला हवं. म्हणून आधी बाळाच्या शरीरात काय घडतं ते पाहू.

खाचरातलं पाणी

पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून आणि नाळेतून येतो. त्याची फुप्फुसं तेव्हा हवेने नव्हे, पाण्याने भरलेली असतात. हे पाणी बाहेरून शिरलेलं नसतं. फुप्फुसांच्या पेशीच ते तयार करतात. फुप्फुसं नीट वाढायची तर ती आतून फुगलेली राहावी लागतात, म्हणून ही सोय. लावणीच्या वेळी खाचरात पाणी तुंबवून ठेवतात ना, तसंच.

पण जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्याच फुप्फुसांत हवा शिरायला हवी. मग आतलं पाणी जातं कुठे? पुष्कळांना वाटतं की अरुंद वाटेतून येताना बाळाची छाती दाबली जाते आणि पाणी तोंडावाटे पिळून निघतं. थोडंसं निघतंही. पण मोठं काम निराळ्याच तऱ्हेने होतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने पातेल्यात पाणी सुटलेलं दिसतं. मीठ जिकडे, पाणी तिकडे. बाळाच्या फुप्फुसांतही हाच नियम चालतो. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरून एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवणारं रसायन. हा निरोप पोहोचला की फुप्फुसांच्या पेशी पाणी सोडायचं थांबवतात आणि उलट आतलं मीठ शोषायला लागतात. मिठामागोमाग पाणीही पेशींत आणि तिथून रक्तात जातं. बांध फोडून खाचर मोकळं करावं, तसं फुप्फुस हवेसाठी मोकळं होतं.

हा लोंढा किती मोठा असतो? स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ ह्यूगो लागरक्रांट्झ यांनी जन्मत्या बाळाच्या रक्तातली ही संप्रेरकं मोजली. हृदयविकाराचा झटका आलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात असतात त्याहूनही ती जास्त भरली. बाळाला तो लोंढा सोसतो, कारण तो त्याच्या कामाचा असतो. हृदय, श्वास, अंगातली ऊब, रक्तातली साखर, सगळ्यांना त्यातून 'आता आपलं आपण' असा इशारा मिळतो.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना अनेकांनी पाहिली असतील. पिल्लं हातात घेऊन थेट पाण्यात टाकत नाहीत. लाटांपासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात आणि ती आपल्या पायांनी समुद्राकडे सरकतात. बघणाऱ्याचा जीव तुटतो, पण तेवढी वाट त्यांना चालू द्यायची असते. कळा म्हणजे बाळाची तशीच वाळूतली वाट आहे.

सिझर दोन तऱ्हांचं असतं

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. आपण 'सिझर' हा एकच शब्द वापरतो, पण बाळाच्या दृष्टीने ते दोन वेगळे जन्म आहेत.

एक, कळा सुरू झाल्या, पाणमोट फुटली, काही तास गेले आणि मग काही अडचण आली म्हणून केलेलं सिझर. यात बाळाला कळांचा इशारा मिळालेला असतो. वाट शेवटी बदलली, तरी तयारी झालेली असते.

दुसरं, कळा सुरू होण्याआधीच तारीख ठरवून केलेलं. यात इशारा न मिळताच बाळ बाहेर येतं. फुप्फुसांत थोडं पाणी राहून जातं आणि पहिले काही तास, कधी दोन-तीन दिवस, बाळ भराभर श्वास घेतं. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला ४० ते ६० असतात; या बाळांचे साठाच्या वर जातात. बहुतेक बाळं थोडा प्राणवायू आणि देखरेख मिळाली की सावरतात. पण त्यासाठी त्यांना काचेच्या पेटीत ठेवावं लागतं, आईपासून दूर. 'सिझरच्या बाळाला धाप लागते' या बोलण्यामागचं खरं कारण हे.

ठरवून केलेलं सिझर कितव्या आठवड्यात झालं, यावरही बरंच अवलंबून असतं. आधीचं बाळंतपण सिझरने झालेल्या आणि पुढचं सिझर ठरवून केलेल्या १३ हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास अमेरिकेत झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागात ठेवावं लागणं अशा तक्रारी ३९ व्या आठवड्यात जन्मलेल्या शंभरातल्या ८ बाळांना झाल्या, ३८ व्या आठवड्यात ११ आणि ३७ व्या आठवड्यात १५ बाळांना. नऊ महिने भरले असं आपण बोटांवर मोजून म्हणतो, पण शेवटच्या दोन आठवड्यांतही फुप्फुसं पिकत असतात. आढीतला आंबा चार दिवस आधी काढला तर बाहेरून पिवळा दिसतो, आत आंबट निघतो.

म्हणूनच पंचांग पाहून, चांगलं नक्षत्र गाठायचं म्हणून सिझरची तारीख आठ-दहा दिवस अलीकडे ओढण्याचा हट्ट बाळाला महागात पडू शकतो. वैद्यकीय कारण असेल तर लवकर करावंच लागतं. पण कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होऊ देणं हेच बाळासाठी शुभ.

पहिलं विरजण

दुसरा फरक डोळ्यांना न दिसणारा आहे. आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, काही जीवनसत्त्वं बनवतात आणि रोग पसरवणाऱ्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. बाळाचं आतडं मात्र जन्मताना जवळजवळ कोरं असतं. मग पहिले रहिवासी कुठून येतात?

दूध तापवून कोमट झालं की त्याला विरजण लावतात. चमचाभर चांगलं विरजण असेल तर सकाळी घट्ट, गोड दही होतं. विरजण लावायचं राहिलं आणि भांडं उघडं पडलं, तर हवेतले भलतेच जंतू पडतात आणि दूध नासतं. पहिला जो आला, तो पुढच्यांची दिशा ठरवतो.

नैसर्गिक मार्गाने येणाऱ्या बाळाला आईच्या योनिमार्गातले आणि गुदद्वाराजवळचे जिवाणू लागतात. सिझरने आलेल्या बाळाची पहिली गाठ त्वचेवरच्या आणि रुग्णालयातल्या जिवाणूंशी पडते. शिवाय सिझरच्या आधी आईला प्रतिजैविक देतात. जखम चिघळू नये म्हणून ते आवश्यकच असतं, पण त्यात आईचे उपयोगी जिवाणूही कमी होतात. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांच्या शीचे नमुने तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फरक ठळक दिसला. सिझरच्या बाळांमध्ये आईच्या आतड्यातले जिवाणू कमी होते आणि रुग्णालयात आढळणारे काही जिवाणू जास्त. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कमी लोकांपर्यंत पोहोचली : बाळ पहिल्या वाढदिवसाकडे सरकतं तसा हा फरक बराचसा मिटत जातो.

मधल्या काळात एक युक्ती गाजली. आईच्या योनिमार्गातला स्राव कापसाने टिपून सिझरच्या बाळाच्या तोंडाला, अंगाला लावायचा. ऐकायला सोपी वाटते. पण बाळाच्या आतड्यातले महत्त्वाचे जिवाणू मुख्यतः आईच्या आतड्यातून येतात असं दिसतं, आणि अशा पुसण्याने एखादा घातक जंतू बाळाला लागण्याचा धोका असतो. त्यामुळे संशोधनाबाहेर हे करू नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. घरी तर मुळीच नको.

न पचणारी साखर

विरजण थोडं कमी पडलं तरी एक उपाय उरतो : भांड्याला ऊब द्यायची. बाळाच्या बाबतीत ती ऊब म्हणजे आईचं दूध.

आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल एक विशेष प्रकारची साखर असते. गंमत म्हणजे ही साखर बाळाला पचतच नाही. मग आईचं शरीर एवढे कष्ट घेऊन ती बनवतं कशाला? ती बाळासाठी नसतेच. ती बाळाच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्य असते. शेतात रोप लावताना त्याच्या बुंध्याशी खत टाकावं, तशी आई एकाच घोटात बाळाला आणि त्याच्या जिवाणूंना जेवू घालते. पहिल्या दोन-तीन दिवसांतला पिवळसर चीक तर सोबत रोगांशी लढणारी प्रथिनंही घेऊन येतो.

जन्माच्या वाटेने पडलेला फरक भरून काढायचं सर्वांत मोठं साधन हेच. आणि सिझरमध्ये नेमकं तेच मागे पडतं. टाके, सलाईन, भूल, थकवा आणि 'अजून दूध उतरलं नाही' ही धास्ती. तोवर कोणीतरी मध चाटवतं, कोणी साखरपाणी देतं, कोणी वरच्या दुधाची बाटली आणतं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये; त्यातल्या एका जिवाणूच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजल्या गेलेल्या बाळांचं प्रमाण २०१९-२१ मध्ये जेमतेम ४२ टक्के होतं. रुग्णालयांत एवढी बाळंतपणं होत असताना निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या तासाला मुकतात, त्यात नॉर्मलचीही आली.

आज बहुतेक सिझर पाठीतल्या इंजेक्शनने, कमरेखाली भूल देऊन होतात. आई जागी असते. बाळ नीट रडलं, रंग गुलाबी आहे, तर ते तिच्या छातीवर कातडीला कातडी लावून ठेवता येतं आणि पहिल्या तासात पाजताही येतं. पोटावर भार नको असेल तर आईने कुशीवर वळून पाजावं किंवा बाळाला काखेखाली धरावं. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. शेजारी एक जाणती बाई आणि रुग्णालयाचं मन लागतं.

वाडीतलं कुत्रं आणि दमा

आता मोठ्या तक्रारींकडे वळू : दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा. यांचा जन्माच्या वाटेशी संबंध असेल तर तो कसा?

आपली प्रतिकारशक्ती म्हणजे दारातलं पिल्लू समजा. ते लहान असताना घरात माणसं ये-जा करत असतील, तर ओळखीचा कोण आणि चोर कोण हे त्याला कळतं. साखळीला बांधून एकटं वाढवलेलं कुत्रं पाहुण्यावरही भुंकतं आणि टपालवाल्यालाही चावतं. दमा आणि ॲलर्जी म्हणजे परागकण, धूळ यांसारख्या साध्या पाहुण्यांवर भुंकणारी प्रतिकारशक्ती. पहिल्या महिन्यांत आतड्यात येणारे तऱ्हेतऱ्हेचे जिवाणू तिला ओळखीपाळखी शिकवतात. ही शिकवणी उशिरा सुरू झाली तर भुंकण्याची सवय लागू शकते, असा तर्क आहे.

आकडे काय सांगतात? डेन्मार्कमध्ये १९७७ ते २०१२ या काळात जन्मलेल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सिझरच्या मुलांमध्ये दमा थोडा अधिक आढळला. जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यात सिझरच्या मुलांना बारा वर्षांपर्यंत दमा होण्याची शक्यता साधारण एकपंचमांश जास्त दिसली, आणि पाच वर्षांपर्यंत लठ्ठ असण्याची शक्यता त्याहूनही वाढलेली.

'एकपंचमांश जास्त' ऐकून छातीत धस्स होतं. म्हणून तोच आकडा वाडीच्या भाषेत मांडू. समजा, नॉर्मल जन्मलेल्या शंभर मुलांत पाच जणांना दमा होतो. मग सिझरच्या शंभर मुलांत तो सहा जणांना होईल. म्हणजे शंभरात एक मूल जास्त. ९४ मुलं सिझरने येऊनही दम्याविना वाढतील. अख्ख्या राज्याची आरोग्यव्यवस्था आखणाऱ्याला तो एक आकडा महत्त्वाचा वाटायलाच हवा. पाळण्याशी बसलेल्या आईने मात्र त्याने झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

ॲम्ब्युलन्समुळे माणूस दगावतो का?

शिवाय त्या एका जास्तीच्या मुलाचं खापरही सिझरवरच फोडता येईल का, हा आणखी एक प्रश्न.

१०८ च्या गाडीतून दवाखान्यात गेलेली माणसं आणि एसटीने गेलेली माणसं यांची तुलना करा. गाडीतून गेलेल्यांपैकी जास्त दगावतील. म्हणून १०८ ची गाडी घातक ठरते का? मुळात जास्त आजारी माणूसच त्या गाडीत बसतो. सिझरचंही तसंच. आईचं वजन जास्त, रक्तदाब वाढलेला, गरोदरपणात साखर वाढलेली, बाळ अपुऱ्या दिवसांचं, ही सिझरची कारणं आहेत आणि मुलाच्या पुढच्या तब्येतीचीही.

याचा एक धागा पुण्यापर्यंत जातो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आयांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते, हे त्यातून पुढे आलं. म्हणजे लठ्ठपणाची, मधुमेहाची मुळं बाळंतपणाच्या खोलीत शिरण्याआधी, आईच्या पोटातच रुजलेली असतात.

मग दोष कोणाचा, हे कसं ओळखायचं? संशोधकांनी एक हुशारी केली. एकाच आईची दोन मुलं घ्यायची, एक नॉर्मल आणि एक सिझर. घर तेच, स्वयंपाक तोच, वंश तोच. फरक उरला तर तो जन्माच्या वाटेचा असण्याची शक्यता वाढते. स्वमग्नतेबाबत (ऑटिझमबाबत) स्वीडनमधल्या सुमारे २७ लाख मुलांच्या नोंदी अशा तपासल्या. वरवर सिझरच्या मुलांत स्वमग्नता जास्त दिसत होती. भावंडांची तुलना केल्यावर तो फरक नाहीसा झाला. लठ्ठपणाबाबत मात्र एकमत नाही. २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात भावंडांमध्येही फरक टिकला, तर २०२० च्या स्वीडिश अभ्यासात सुमारे ९७ हजार तरुणांची पाहणी करून, आईचं वजन वगैरे गोष्टी जमेस धरल्यावर सिझरचा दोष उरला नाही.

थोडक्यात, जन्मानंतरची धाप आणि पहिल्या महिन्यांतले वेगळे जिवाणू याबद्दलचा पुरावा पक्का आहे. दम्याबद्दल तो मध्यम, लठ्ठपणाबद्दल डळमळीत आणि स्वमग्नतेबद्दल जवळजवळ नाहीच.

नॉर्मलचा हट्टही नको

एवढं वाचून कोणी 'काही झालं तरी नॉर्मलच' असा हेका धरला, तर तो दुसरा घोटाळा होईल. बाळ आडवं असेल, वार खाली बसून वाट अडवत असेल, नाळ आधी बाहेर आली असेल, बाळाचे ठोके घसरत असतील, डोकं तासन्‌तास अडकलं असेल, तर मिनिटामिनिटाला बाळाच्या मेंदूचा प्राणवायू कमी होऊ शकतो. तिथे उशीर झाला तर बाळ दगावू शकतं किंवा त्याला कायमचं अपंगत्व येऊ शकतं. त्या तुलनेत धाप आणि जिवाणू ही किरकोळ किंमत आहे.

मंडणगडला हे नव्याने सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका. पलीकडे सावित्री आणि बाणकोटची खाडी, अलीकडे डोंगर आणि वळणावळणाचे रस्ते. जिल्ह्याचं मुख्य रुग्णालय रत्नागिरीला, दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. अवघड बाळंतपण असलं की गाडी दापोली, खेड किंवा महाडच्या वाटेला लागते, नाहीतर नातेवाईक थेट मुंबई गाठतात. सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय ही चारही एकाच वेळी एकाच छताखाली हवीत. तीन असून चौथं नसलं तरी गाडी पुढे न्यावीच लागते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीत रस्त्यांवर झाडं आडवी झाली, वीज गेली. वादळ रोज येत नाही, पण पावसाळा दरवर्षी येतो.

म्हणजे आपल्याकडे दोन दुखणी शेजारी शेजारी नांदतात. शहरात पुष्कळदा नको तिथे आणि नको तितक्या लवकर सिझर होतं. डोंगरातल्या वाडीत हवं तेव्हा ते वेळेवर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के ही मर्यादा सुचवली होती. २०१५ मध्ये तिने पुन्हा सांगितलं, की एखाद्या समाजात सिझरचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत पोहोचेतो माता आणि नवजात बाळांचे मृत्यू कमी होतात; त्यापुढे प्रमाण वाढल्याने ते आणखी घटलेले दिसत नाहीत. पण त्याच संघटनेचा आग्रह आहे की टक्का गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येक बाईला सिझर मिळावं. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं सिझर, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. तो हक्क माहीत असायला हवा.

आणखी एक हिशेब आहे, पुढच्या बाळाचा. गर्भाशयावर एक व्रण पडला की पुढच्या गरोदरपणात वार खाली बसण्याची किंवा त्या व्रणात घुसून चिकटण्याची शक्यता वाढते. हे क्वचितच होतं, पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. पहिलं सिझर खरंच गरजेचं होतं का, हा प्रश्न म्हणून धाकट्या भावंडाच्याही हिताचा. आधीचं सिझर झालेल्या बाईने पुढचं बाळंतपण सोयीच्या रुग्णालयातच करावं, माहेर कितीही जवळ असलं तरी.

घरी आल्यावर

जन्माची वाट काही मिनिटांची, त्यानंतरचे महिने मोठे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या ३९ गावांत साध्या गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ऊब, स्तनपान, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग वेळेत ओळखणं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले; १९९९ मध्ये हा अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन करते, श्वास मोजते, ती त्याच वाटेने आलेली पद्धत आहे. ती बाळ तपासते तेव्हा ते सिझरचं की नॉर्मल, यावर तिचा तराजू बदलत नाही.

चौकट : थोडक्यात

• कळांमुळे बाळाची फुप्फुसं कोरडी व्हायला मदत होते. कळांआधी ठरवून केलेल्या सिझरमध्ये सुरुवातीला धाप लागू शकते. ती बहुधा काही तासांत ते दोन-तीन दिवसांत जाते.
• वैद्यकीय कारण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये. मुहूर्तासाठी तर नकोच.
• आतड्यातल्या जिवाणूंचा फरक पहिल्या वर्षात बराचसा भरून निघतो. त्यासाठी पहिल्या तासापासून अंगावरचं दूध आणि सहा महिने फक्त तेच.
• दम्याचा धोका किंचित वाढतो. लठ्ठपणाचा पुरावा डळमळीत आहे. स्वमग्नतेशी थेट संबंध दिसत नाही.
• गरज असताना टाळलेलं किंवा लांबलेलं सिझर बाळासाठी सर्वांत घातक.
• बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, अंग थंड किंवा गरम, दूध ओढत नाही, छाती आत ओढली जाते : ताबडतोब दवाखाना.
• डॉक्टरांना विचारा : सिझरचं कारण काय? किती आठवडे झाले? थांबलं तर काय होईल? पहिल्या तासात पाजता येईल का?

पायाळूची खरी खूण

शेवटी पुन्हा पायाळूकडे. पूर्ण दिवस भरताना शंभरातली तीन-चार बाळं पाय किंवा कुल्ले खाली करून असतात. २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा बाळांचं सिझर ठरवून केलं तर जन्माच्या सुमाराचे मृत्यू आणि गंभीर इजा शंभरात ५ वरून दोनच्या खाली येतात, असं त्यात दिसलं. पण तीच मुलं दोन वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा मृत्यूंत आणि वाढीत दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणून आज पायाळू बाळ बहुधा सिझरने येतं, किंवा शेवटच्या महिन्यात डॉक्टर पोटावरून हाताने हळूहळू फिरवून त्याचं डोकं खाली आणायचा प्रयत्न करतात. हे रुग्णालयातच करायचं काम, घरी पोट चोळून नव्हे.

पण पायाळू बाळावर जन्माची एक खूण खरोखर राहू शकते. पोटात पाय दुमडून बसल्यामुळे अशा बाळांचा, विशेषतः मुलींचा, खुब्याचा सांधा सैल राहण्याचा किंवा निखळण्याचा धोका जास्त असतो. सिझरने जन्मली तरी तो असतोच, कारण तो वाटेतून नव्हे, पोटातल्या बसण्यातून येतो. जन्मल्यावर डॉक्टर बाळाचे गुडघे दुमडून, मांड्या फाकवून पाहतात आणि पायाळू असेल तर साधारण सहाव्या आठवड्यात खुब्याची सोनोग्राफी सांगतात. हा दोष वेळेत सापडला तर बहुधा पट्ट्याने सांधा जागेवर बसतो आणि पोर धावायला लागतं. नाही सापडला तर ते जन्मभर लंगडू शकतं.

तेव्हा घरात कोणी पायाळू जन्मलं, तर ढग गडगडताना त्याला आत बोलवाच. कोकणात वळवाच्या विजेत खळ्यात उभं राहणं कोणालाच बरं नाही. पण त्याआधी, सहाव्या आठवड्यात, त्याचे खुबे दाखवून या.